प्रतिशब्द

पेपरांचा गठ्ठा खांद्यावर टाकून गुरुजीच बसमधून उतरले. खरं तर ते कंडक्टरचं काम, पण दुसऱ्याचं काम अंगावर ओढून घेतल्याशिवाय या माणसाला चैन पडत नसे. माझ्या स्टॉलच्या फळीवर त्यांनी गठ्ठा ठेवला, तेव्हा सुतळी सुटलेली होती. आपला अंक त्यांनी वाटेतच काढून घेतला होता.

"मोरेश्वरराव, आज माझं नाव आलंय पेपरात," ते म्हणाले.

"कशाबद्दल? पोरांना छडी मारली म्हणून?"

"वाचा तर खरं. पहिलंच पान."

मी वरचा अंक ओढला. 'शिंप्याच्या सतर्कतेमुळे भीषण घातपात टळला.' मथळा चांगला जाड टाइपात होता.

गुरुजींचं आडनाव शिंपी. दिगंबर शिंपी, मूळचे अमळनेरकडचे. बदली होऊन आमच्या जंगलात आले आणि आत पल्लेवाही नावाच्या पाड्यावरच्या शाळेत एकटेच शिक्षक म्हणून राहिले. बायको-मुलं तिकडेच गावी. आडनाव शिंपी, पण सुईत दोरा ओवता यायचा नाही. यावरून आम्ही त्यांची थट्टा करायचो आणि तेही आपली करून घ्यायचे. त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही. मथळ्याखालची बातमी मी दोनदा वाचली.

'हेटीगुडा परिसरातील एका शिंप्याने बाजाराहून परतताना मोरीखाली सुरू असलेले खोदकाम पाहिले व तत्काळ पोलिसांना कळविले. त्याचे नाव गोपनीय ठेवण्यात आले आहे.'

ही मोरी आमच्याच रस्त्यावरची. मागच्या महिन्यात तिच्याखाली सुरुंग सापडला होता. बाजारची बस तिच्यावरून जाते. पोलिसांची गाडी क्वचित जाते, बस रोज. लालसू मडावी, आमच्या हेटीगुड्याचा टेलर, शेजारच्या गावचा बाजार करून सायकलवर मशीन बांधून परत येत होता. नाल्यात माणसं खणताना त्याला दिसली. मान खाली घालून तो पुढे आला, पोलीस चौकी ओलांडून आला आणि माझ्या स्टॉलवर येऊन बसला. चौकीची पायरी चढताना त्याला कुणी पाहिलं असतं, तर आतल्या लोकांपर्यंत ते लगेच पोहोचलं असतं. आतले म्हणजे जंगलात बंदुका घेऊन फिरणारे. आमच्याकडे त्यांना दुसरं नाव घेऊन कुणी बोलत नसे.

पेपरवाल्याकडे मात्र कुणीही येऊन बसतं. निरोप मी ठाणेदारांना पोहोचवला, कुणाचा ते त्यांनी विचारून घेतलं, सुरुंग निघाला, बस वाचली. मी 'दैनिक वैनतीर'चा हेटीगुड्याचा वार्ताहर आणि एजंटही. बातमी मीच पाठवली होती: 'नियमित तपासणीदरम्यान स्फोटके आढळली.' ठाणेदारांनी विचारलं होतं, एवढंच? म्हटलं, साहेब, एवढंच. आमच्या भागात बातमी लिहायची म्हणजे काय लिहायचं नाही ते आधी ठरवायचं.

आणि आता जिल्ह्याच्या गावी कुणी वरच्या साहेबांनी पत्रकारांना बोलावून, जनता कसं सहकार्य करते हे छाती फुगवून सांगितलं होतं. आमच्या पेपरने ते तितक्याच उत्साहाने छापलं होतं. नाव गोपनीय. शहरात 'एक शिंपी' म्हटलं की गल्लीगल्लीत शिंपी असतात. आमच्याकडे एकच मशीन होतं आणि त्याचा आवाज स्टॉलपर्यंत ऐकू यायचा.

गुरुजी माझ्या तोंडाकडे बघत होते. हसू ओसरलं होतं. त्यांनी आवाज खाली आणला.

"लालसू का?"

मी गठ्ठ्याची सुटलेली सुतळी पुन्हा बांधायला घेतली.

"नका सांगू. मला माहीत नसलेलं बरं," ते म्हणाले. "पण आजच काढा त्याला इथून. आणि हा गठ्ठा आत टाका."

गठ्ठा आम्ही दोघांनी मिळून स्टॉलच्या फळीखाली सारला, वर गोणपाट टाकलं. आठवड्यापूर्वी प्रशिक्षणाला जाताना माझ्याकडे लावलेली सायकल त्यांनी बाहेर काढली. आपला अंक घडी घालून पिशवीत ठेवला.

"जरा बसा ना, चहा मागवतो," मी म्हटलं. खरं तर मलाच एकटं राहायचं नव्हतं.

"नको. पोरं वाट बघत असतील. आठवडाभर पेपर नाही वाचला त्यांनी. ती सोमी आहे ना, पुंगाटीची, आता धडाधड वाचते. सगळ्या पाड्याला वाचून दाखवते संध्याकाळी." पायडलवर पाय ठेवून ते थांबले. "त्याला सांगा, भिऊ नकोस म्हणावं. भिण्यासारखं आहे, पण तसं सांगू नका."

ते गेले. मी शटर ओढलं.

शटर ओढून वळतो तर कोपऱ्यावरचा चहावाला येरावार उभा. "पेपर नाई आला का जी आज?"

"नाही आला."

"गुर्जीच्या खांद्यावर त गठ्ठा होता."

"मागचा शिल्लक परत आलाय," मी म्हणालो. असं काही कधी होत नाही हे त्याला माहीत होतं. मला माहीत होतं की त्याला माहीत होतं. तो 'बरं' म्हणून गेला, आणि जाताना त्याने मागे वळून पाहिलं.

लालसूचं दुकान म्हणजे किराणा दुकानाची पडवी. लग्नसराईचे दिवस होते. दोरीवर ब्लाउज, पोलके, नवरदेवाचा सफारी, असं सगळं गाव लटकत होतं. लालसू खाली मान घालून मशीन चालवत होता. समोर बाकावर एक माणूस बसला होता, मी कधी न पाहिलेला. पायात रबरी चपला, मांडीवर घडी केलेली पॅन्ट.

"मास्टर," मी म्हटलं, "जरा आत ये."

"थांबा जी, याहिची चेन पाहून देतो."

तो माणूस घाईत नव्हता. "राहू द्या, ठेवून जातो मी," तो म्हणाला. "कधी येऊ?"

"परवा या जी."

"परवा तुम्ही राहणार न इथंच?"

लालसूने वर पाहिलं. "मी कुठी जाणार जी? इथंच रायतो."

माणूस हसला, पॅन्ट ठेवली आणि बसस्टँडच्या उलट दिशेला चालायला लागला. तिकडे नुसतं जंगल आहे. तो साधा गिऱ्हाईकही असेल. आजतागायत मला ते कळलेलं नाही. पण त्या क्षणी मी लालसूला मशीनवरून उठवून आत नेलं.

आतल्या खोलीत मी लालसूला बातमी वाचून दाखवली. त्याची बायको जैनी चुलीपुढे बसली होती. तिने लाकूड मागे ओढलं.

"शिंपी म्हणजे?" लालसूने विचारलं.

"शिंपी म्हणजे टेलर. तू."

"मले कोणी शिंपी नाई म्हणत. मी मडावी आहो."

"अरे, जात नाही. धंदा. मराठीत टेलरला शिंपी म्हणतात. आता निघ. दुपारच्या बसनं नदीपलीकडं जा, जैनीच्या भावाकडं."

तो चौकटीला टेकून बसला. घाईत उठेल असं मला वाटलं होतं, पण तो हळूहळू डोकं चालवत होता. "लोकाचं कापड हाय माह्याकडं," तो म्हणाला. "परवा कन्नाकेच्या पोरीचं लगन हाय. तिचा ब्लाउज अर्धा हाय."

"ब्लाउज राहू दे."

"पळालो त लोक म्हणन, पळाला. पळाला म्हणजे यानंच सांगतलं."

आणि त्याचं बरोबर होतं. राहिला तर मरणार, पळाला तर सिद्ध होणार. मला त्याच्यावरच राग आला, इतका शांतपणे तो हे बोलत होता.

मग जैनी बोलली. "माही माय बिमार हाय म्हणा," ती म्हणाली. "मी रडत जातो. बाईमाणूस रडत निघाली त कोणी इचारत नाई."

आणि ती खरंच रडत निघाली. गावातून, बाजारचौकातून, आईचं नाव घेऊन. रडायला तिला काही करावं लागलं नाही. लालसू मागून पोराला कडेवर घेऊन. मशीनचं मुंडकं काढून गोणपाटात बांधायचं म्हणत होता, मी नको म्हटलं. अर्धवट कपडे किराणेवालीच्या ताब्यात दिले. बस सुटली तेव्हा येरावार चहाच्या ठेल्यावरून बघत होता, आणखी चारजण बघत होते, आणि कुणी एक शब्द बोललं नाही. हेटीगुड्यात कुणी गावाला निघालं की दहाजण विचारतात, कुठं, कशाला, कधी येणार. त्या दिवशी एकानेही विचारलं नाही. म्हणजे मथळा सगळ्यांपर्यंत पोहोचला होता. एक गठ्ठा लपवून काय होतं? पुढच्या गावांचे गठ्ठे सकाळी गुरुजींच्याच बसने गेले होते.

तरी बस वळणाआड गेली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. घरी जाऊन मी पोटभर जेवलो. बायकोला म्हटलंही, आज एक माणूस वाचवला. ती म्हणाली, "कुणाला?" म्हटलं, "ते नको विचारू." फुशारकी मारायची आणि वर गुपितही ठेवायचं, असा माझा थाट.

दुसरा दिवस तसाच गेला. लालसूच्या पडवीत कुणी आलं नाही, पॅन्टवालाही नाही. तिसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर पल्लेवाहीचा केये पुंगाटी चालत आला. सोमीचा बाप. स्टॉलसमोर येऊन उभा राहिला, पण सावलीत येईना.

"पाणी पी," मी म्हटलं.

"गुर्जी मेले," तो म्हणाला.

मला वाटलं, साप. उन्हाळ्यात साप निघतात. शाळेच्या खोलीत खाली झोपू नका म्हणून मी किती वेळा सांगितलं होतं.

"कशानं?"

"काल संध्याकाळी आले ते लोक. गुर्जीले नेलं. सकाळी नाल्याजवळ भेटले."

"काहून? गुरुजींनी काय केलं?"

केये माझ्याकडे बघत राहिला. मीच त्याला काहीतरी सांगावं, अशा अपेक्षेने तो आला होता. "पेपरात नाव होतं न त्याहिचं," तो म्हणाला.

"कोणतं नाव?"

"शिंपी. माह्या पोरीनं वाचून दाखवलं. सगळ्याहिनं ऐकलं. आमी म्हटलं, गुर्जी, तुमचं नाव. ते हासले. आमीबी हासलो. दुसऱ्या पाड्याचे दोघंजण होते तिथं बसून. ते नाई हासले."

मी स्टॉलमधून बाहेर आलो. त्याचा दंड धरला, मला आठवतं. "अरे, ते नाव नाही. शिंपी म्हणजे टेलर. कपडे शिवणारा. मराठीत शिंपी म्हणजे टेलर."

केयेने दंड सोडवून घेतला नाही. "टेलर म्हणजे टेलर जी," तो म्हणाला. "शिंपी म्हणजे आमचा गुर्जी."

हेटीगुड्याच्या चौकातल्या आम्हा चार पेपर वाचणाऱ्यांना शब्द कळत होता, पण त्या सगळ्या मुलखात कपडे शिवणाऱ्याला कुणी शिंपी म्हणत नव्हतं. टेलर म्हणत, मास्टर म्हणत. हा शब्द जंगलात एकाच माणसाने आणला होता, स्वतःच्या आडनावात. मी जन्म काढला तिथे, पेपर विकले तिथे, आणि वाचताना मात्र शहरातल्या उपसंपादकासारखं वाचलं. गुरुजींनीही तसंच वाचलं. म्हणून तर त्यांना ती गंमत वाटली. आणि आतल्यांना अडायला काय झालं? गुरुजी दर आठवड्याला त्याच मोरीवरून सायकलने ये-जा करत. बाजाराहून परतत. सगळं जुळत होतं.

दुपारी बातमी द्यायला मी एसटीडी बूथवर गेलो. बूथच्या दाराशी माणसं उभी होती, नंबर लावून, सगळी माझ्याकडे कान करून. 'वैनतीर'च्या टेबलावर उपसंपादक करंबेळकर होते. मी बातमी सांगायच्या आधी एकच विचारलं.

"परवाच्या बातमीत शिंपी कुणी लिहिलं?"

"मीच," करंबेळकर म्हणाले. "आपल्या जिल्हा वार्ताहरानं टेलर लिहून पाठवलं होतं. तुम्हाला धोरण माहीत आहे ना मोरेश्वरराव? रुळलेला मराठी प्रतिशब्द असताना परका शब्द वापरायचा नाही. संपादकांनी मथळ्याचं कौतुक केलं."

त्यांच्या आवाजात कसलंही पाप नव्हतं. त्यामुळे मला शिवीही देता येईना.

"घ्या बातमी," मी म्हटलं. "पल्लेवाही येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक दिगंबर शिंपी यांची हत्या."

"शिंपी? म्हणजे परवाचाच तो?"

मी तोंड उघडलं. नाही, असं म्हणायचं होतं. नाही, तो टेलर वेगळा, हा मास्तर वेगळा, तुमच्या धोरणाने भलत्याच माणसाचा बळी घेतला. मागे येरावार उभा होता. त्याच्या मागे आणखी दोघं. नाही म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न सगळ्या गावाला पडला असता: हा नाही, तर मग कोण? संध्याकाळपर्यंत तो प्रश्न नदीपलीकडे गेला असता.

"मोरेश्वरराव, ऐकताय ना? तोच का?"

"आडनाव शिंपी आहे," मी म्हणालो.

"अरेरे. म्हणजे जिल्हा वार्ताहरानं टेलर लिहून घोळ घातला. साहेबांनी आडनाव सांगितलं असणार, यानं धंदा समजून भाषांतर केलं. खुलासा द्यावा लागेल."

आणि खुलासा आला. दुसऱ्या दिवशी, पहिल्याच पानावर, चौकटीत: 'घातपात टाळणारे शिंपी हे व्यवसायाने शिंपी नसून शिक्षक होते. शिंपी हे त्यांचे आडनाव होय.' त्या दिवशीचा गठ्ठा मी लपवला नाही. एकूण एक अंक विकला. लोक चौकट वाचत आणि मान हलवत. येरावारने तर चारचौघांत म्हटलं, मले त पहिल्यापासून डाऊट होता गुर्जीवर, अन् मी उगाच लालसूवर...

पुढचं त्याने गिळलं.

पोळ्याच्या सुमारास लालसू परत आला. जैनीची आई बरी झाली, असं गावाने ठरवून टाकलं होतं. मशीन पुन्हा सुरू झालं. तो माझ्याशी पूर्वीसारखंच बोलायचा, फक्त पेपर मागायचा नाही. गेल्या उन्हाळ्यात तो वारला, अंथरुणात, नातवंडांच्या घोळक्यात. आतल्यांचीही आता नुसती आठवण उरली आहे. म्हणून हे लिहायला हरकत नाही.

पण सांगायचं आहे ते दिवाळीनंतरचं. गुरुजींच्या पत्नी आल्या, सोबत भाऊ. शाळेतली ट्रंक न्यायला आल्या होत्या. बसला वेळ होता म्हणून माझ्या स्टॉलवर बसल्या. लालसू तिथेच होता, बाकाच्या टोकाला. त्या कोण हे कळल्यावर तो उभा राहिला आणि मग बसलाच नाही.

"भाऊ, तुम्ही पेपरवाले ना?" त्यांनी मला विचारलं. "खरं सांगाल का? पेपरात आलं, यांनीच पोलिसांना कळवलं म्हणून. आमच्या गावात सत्कार केला माझा, शाल दिली. पण मला खरं वाटत नाही. यांचा स्वभाव तसा नव्हता. भांडण ऐकलं तरी खिडकी लावून घ्यायचे. एवढी हिंमत यांना कुठून आली असेल?"

लालसूचा श्वास मला ऐकू येत होता. तो पुढे सरकला. त्याचे ओठ हलले, "बाई, ते..." एवढं त्याच्या तोंडून निघालंही. मी त्याच्याकडे न बघता घाईने बोललो.

"खरं आहे वहिनी. त्यांनीच कळवलं."

"तुम्हाला सांगितलं त्यांनी?"

"माझ्याकडेच आले होते. इथंच बसले होते."

त्या माझ्याकडे निरखून बघत राहिल्या. आयुष्यात मी पुष्कळ छापील खोटं विकलं आहे, पण त्या नजरेपुढे उभं राहणं अवघड गेलं.

"बसमध्ये माणसं होती?"

"बाजारची बस. बाया, लेकरं, कोंबड्या. दारात लटकलेली माणसं."

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. बस आली होती. भावाने ट्रंक उचलली. त्या उठल्या, दोन पावलं गेल्या आणि परत वळल्या.

"म्हणजे उगाच नाही गेले," त्या म्हणाल्या.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "उगाच नाही."